पोलादी लक्ष्याची साखळी वारंवार का तुटते, आणि प्लेट कशी टांगावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. टेक्सासमध्ये मित्राच्या रँचवर मातीच्या उंच बांधापुढे आपण सरावासाठी लहानशी रेंज केली आहे. तेथे ३०० मिलिमीटर चौरस आणि ९.५ मिलिमीटर, म्हणजे तीन अष्टमांश इंच, जाडीची एआर ५०० या झीजरोधक, कठीण पोलादाची प्लेट लोखंडी पाइपच्या चौकटीला दोन साखळ्यांनी टांगली आहे, आणि साखळी अडकवण्यासाठी प्लेटच्या वरच्या कडेला दोन कड्या वेल्ड करून घेतल्या आहेत. काही आठवडे गेले की एक साखळी तुटते, प्लेट एका कोपऱ्यावर लोंबकळते, आणि आता तर एक कडीही वेल्डपाशी निखळली आहे. तेव्हा याहून मजबूत साखळी कोणती घ्यावी, असे आपण विचारता.

मी येथील एका क्लबच्या रेंजवरील पोलादी लक्ष्यांची देखभाल बघतो आणि त्यापूर्वी पिंपरी-चिंचवडमध्ये बरीच वर्षे फॅब्रिकेशनचे काम केले आहे. त्या अनुभवावरून सांगतो की साखळी जाड केल्याने आपला प्रश्न सुटणार नाही, फार तर थोडा पुढे ढकलला जाईल. प्लेटचे वजन काढून पाहा: या मापाच्या पोलादाचे वजन सुमारे ६.७ किलो भरते. ट्रकवरचा माल आवळायला वापरतात ती ग्रेड ७० ची तीन अष्टमांश इंची साखळी जवळजवळ तीन टनांच्या भारासाठी मान्य केलेली असते. तीन टन पेलणारी वस्तू सात किलोच्या खाली तुटत असेल, तर ती भाराने तुटत नाही हे उघड आहे. ती कापली जाते.

काय कापते, ते समजले की पुढचे निर्णय आपोआप होतात. शिशाची, तांब्याचे आवरण असलेली गोळी कठीण आणि सपाट पोलादावर सरळ आदळली की ती फुटते, आणि तिचे तुकडे व वितळल्यासारखे झालेले शिसे प्लेटच्या पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून चहूबाजूंना फेकले जाते. मागे नेमबाजाकडे फारसे काही येत नाही; बहुतेक सगळा मारा पृष्ठभागापासून साधारण २० अंशांच्या आत राहतो. भुईचक्र जमिनीलगत ठिणग्या फेकते, तसेच हे उभ्या प्रतलात घडते असे समजा. आपल्या चौकटीच्या पाइपवर प्लेटच्या समोरच्या पृष्ठभागाच्या रेषेत नीट पाहिले, तर रंग उडालेला एक अरुंद पट्टा आणि त्यात बारीक खाचा दिसतील. आपल्या दोन्ही साखळ्या आणि दोन्ही कड्या नेमक्या त्याच पट्ट्यात उभ्या आहेत. थेट गोळी लागून साखळी तुटते ती क्वचित. एरवी प्रत्येक फैरीला एक खाच पडते आणि एक दिवस कडी दुभंगते.

हा मारा इतका तीव्र का असतो, याचा एक हिशेब मला उपयोगी वाटतो. .३०८ रायफलची ९.७ ग्रॅमची गोळी १०० यार्डांवर सुमारे ७९० मीटर प्रति सेकंद वेगाने पोचते असे धरले, तर तिच्यापाशी साधारण ३,००० जूल ऊर्जा असते. तिच्या संवेगाने आपली ६.७ किलोची प्लेट मात्र सेकंदाला जेमतेम सव्वा मीटरच्या आतल्या वेगानेच मागे ढकलली जाते. म्हणजे प्लेटच्या वाट्याला चार-साडेचार जूल येतात आणि ती मोकळी असेल तर सुमारे सात सेंटिमीटर वर उचलली जाऊन परत येते. बाकीची सगळी ऊर्जा गोळी फोडण्यात, तापवण्यात आणि ते तुकडे बाजूला भिरकावण्यात जाते. म्हणून टांगण्याची व्यवस्था करताना चिंता धक्क्यापेक्षा शिंतोड्यांची अधिक करावी लागते.

धक्क्याचीही दखल घ्यावी लागते, पण तिचे उत्तर ताकद वाढवणे हे नाही. तेच साडेचार जूल थोपवायला प्लेटला पाच सेंटिमीटर हलायला मिळाले, तर आधारावर येणारे सरासरी बल नऊ-दहा किलोच्या वजनाएवढे असते. तीच प्लेट घट्ट आवळून टाकली आणि ती एका मिलिमीटरमध्येच थांबायला हवी असे केले, तर ते बल साडेचारशे किलोच्या घरात जाते. घट्ट बसवलेल्या प्लेटचे बोल्ट मोडतात आणि सैल टांगलेल्या प्लेटचे टिकतात, याचे कारण एवढेच आहे. ९ मिलिमीटर पिस्तुलाच्या गोळीला हे आकडे पुष्कळ लहान होतात, त्यामुळे केवळ पिस्तूल चालवणाऱ्यांना घट्ट बसवणीचा दोष बरेच दिवस जाणवत नाही.

निखळलेल्या कडीचे कारण वेगळे आहे. एआर ५०० हे पाणी दिलेले, म्हणजे तापवून एकदम गार करून कठीण केलेले, पोलाद आहे. त्याची ब्रिनेल कठीणता ५०० च्या आसपास असते, तर साध्या एमएस (माइल्ड स्टील) प्लेटची १२० ते १६० च्या दरम्यान. हे पाणी फार उंच तापमान सोसत नाही. २०० अंश सेल्सिअसच्या पुढे ते उतरू लागते, आणि वेल्डिंगची उष्णता त्याच्या कितीतरी पुढची असते. परिणामी वेल्डलगतची एक पट्टी मऊ होते, तिच्या शेजारी ठिसूळ भाग तयार होतो, आणि प्लेट आधी तापवून घेतली नसेल तर जोडाखाली बारीक तडा आधीपासूनच असण्याची शक्यता असते. वेल्डर कुशल होता की नव्हता, हा प्रश्न येथे गौण आहे. पाणी दिलेल्या लक्ष्याच्या प्लेटवर वेल्ड करूच नये, गॅस कटरने भोक पाडू नये, आणि दुरुस्तीसाठी तापवूही नये. भोके हवी असतील तर प्लेट कापून घेतानाच वॉटरजेटने (उच्च दाबाच्या पाण्याच्या झोताने) किंवा लेझरने पाडून घ्यावीत.

पुढे मी जे सांगणार आहे ते काही गोष्टींवर अवलंबून आहे, आणि आपल्या प्रश्नात त्या आलेल्या नाहीत. आपण .२२ रिमफायर, म्हणजे लहान, कमी ताकदीच्या काडतुसाचे शस्त्र चालवता, पिस्तूल चालवता की रायफल, हे सर्वांत महत्त्वाचे. केवळ .२२ असेल तर जवळजवळ कोणतीही व्यवस्था वर्षानुवर्षे चालते आणि खालच्या पुष्कळ सूचना अनावश्यक ठरतात. दुसरे, चौकट कायम जागेवर राहणार आहे की दर वेळी गाडीत घालून न्यायची आहे. तिसरे, रेंज आपण दोघेच वापरता की आणखीही कोणी येते. कारण नवशिक्या नेमबाजाच्या गोळ्या प्लेटच्या मध्यावर लागण्याऐवजी कडेला, टांगणीला आणि चौकटीला अधिक लागतात. आपल्याकडे ३०० मिलिमीटरची प्लेट आहे आणि १०० यार्डांवरून रायफल चालते, असे गृहीत धरून मी लिहितो.

माझ्या हाताखालच्या सगळ्या टांगत्या प्लेटी मी एकाच पद्धतीने बसवतो. प्लेटच्या वरच्या दोन कोपऱ्यांत, कडेपासून साधारण ३५ मिलिमीटर आत, दोन चौकोनी भोके असतात. त्यांतून समोरून मागे अर्ध्या इंचाचे कॅरेज बोल्ट जातात. कॅरेज बोल्टचे डोके घुमटासारखे गोल असल्याने नेमबाजाच्या बाजूला धारदार कोपरा किंवा आटे उघडे राहत नाहीत, आणि डोक्याखालची चौकोनी मान भोकात बसल्याने नट फिरवताना बोल्ट फिरत नाही. प्लेटच्या मागे बोल्टवर आधी एक भक्कम दाबस्प्रिंग, मग वॉशर, मग रबरी पट्टा, पुन्हा वॉशर आणि शेवटी नायलॉनचे कडे असलेला लॉक नट, असा क्रम असतो. नट पूर्ण आवळायचा नाही. हाताने हलवल्यावर प्लेट थोडी डुगडुगली पाहिजे. पट्टे वर जाऊन चौकटीच्या आडव्या दांडीला अडकतात. थोडक्यात, समोरून बोल्टच्या दोन डोक्यांखेरीज काहीही दिसत नाही आणि कापले जाऊ शकणारे सर्व सामान प्लेटच्या पाठीशी लपते.

स्प्रिंगचे काम केवळ धक्का खाण्याचे नाही. तिच्यामुळे पट्टा प्लेटपासून मागे सरकतो, आणि या अंतरावर प्लेटचा कल ठरतो. पट्टा लवचीक असल्याने प्लेटचा गुरुत्वमध्य पट्ट्याच्या बिंदूच्या बरोबर खाली येऊन थांबतो. पट्टा प्लेटच्या मागे असेल तर प्लेटची खालची कड मागे जाते आणि वरची कड नेमबाजाकडे झुकते. आपल्या प्लेटचा मध्य भोकांपासून ११५ मिलिमीटर खाली आहे. पट्टा प्लेटच्या जाडीच्या मध्यापासून ४० मिलिमीटर मागे ठेवला, तर कल १९ अंशांच्या आसपास येतो. २० मिलिमीटरच ठेवला तर १० अंशांच्या आत राहतो. मी १५ ते २० अंशांच्या दरम्यान ठेवतो. प्लेट मोठी असेल तर तेवढ्याच कलासाठी अंतर वाढवावे लागते, हे विसरून अनेक जण लहान प्लेटचे मोजमाप मोठ्या प्लेटला लावतात आणि ती सरळ उभी राहते.

या कलाने दोन कामे होतात. शिंतोड्यांचा मोठा भाग जमिनीकडे वळतो, ही सुरक्षिततेची बाजू सर्वांना ठाऊक असते. दुसरी बाजू टिकाऊपणाची आहे: प्लेट पुढे झुकल्यामुळे तिच्या पृष्ठभागाचे प्रतल वर जाताना नेमबाजाच्या दिशेने कलते, म्हणजे वर जाणारे थोडेफार शिंतोडे पट्ट्यांच्या आणि आडव्या दांडीच्या पुढून निघून जातात. सरळ उभ्या प्लेटवरची जी दांडी दर मोसमाला बदलावी लागते, ती झुकत्या प्लेटवर पुष्कळ टिकते. त्यामुळे टांगण्याच्या साहित्यावर खर्च करण्याआधी मी कल तपासतो.

पट्ट्यासाठी मला कापडी थर असलेला कन्व्हेयर बेल्ट सर्वांत पसंत आहे. आठ ते दहा मिलिमीटर जाड, दोन-तीन थरांचा, ६० ते ७५ मिलिमीटर रुंदीचा पट्टा कापून घ्यावा. खडी-वाळूच्या खाणींवर टाकून दिलेला बेल्ट बहुधा मागितला की मिळतो. गोळी त्यातून आरपार गेली तर बारीकसे भोक पडते आणि पट्टा तसाच काम करतो, आणि शिंतोडे त्याला कापण्याऐवजी त्यात रुतून बसतात. आतून पोलादी तारा असलेला बेल्ट मात्र घेऊ नये: तो कापायला कठीण असतो आणि उसवल्यावर तारा बाहेर येतात. अग्निशमनाचा बाद झालेला कापडी होजही चांगला चालतो, विशेषतः पिस्तुलासाठी. फक्त पुढेमागे दोन वॉशर मोठ्या व्यासाचे घ्यावेत, नाहीतर भोक हळूहळू लांबट होऊन पट्टा निसटतो. नायलॉनची दोरी, झिपटाय किंवा तारेची दोरी यांच्या भानगडीत पडू नये. साखळी वापरायचीच असेल तर ती प्लेटपासून दूर, दांडीच्या वर असावी, म्हणजे उंची जुळवता येते आणि ती माऱ्याच्या बाहेर राहते.

पट्टा किती लांब असावा, यात देवाणघेवाण आहे. लांब पट्ट्याची प्लेट सावकाश झुलते आणि पुढच्या गोळीसाठी थांबावे लागते. दांडीपासून प्लेटच्या मध्यापर्यंतचा झोका सुमारे ३० सेंटिमीटरचा असेल तर एक हेलकावा १.१ सेकंदाचा होतो आणि एक मीटरचा असेल तर दोन सेकंदांचा. फार आखूड केला तर दांडी माऱ्याजवळ येते. प्लेटची वरची कड आणि दांडी यांच्यात मी साधारण ३० ते ४० सेंटिमीटर ठेवतो, आणि पट्टे वरच्या बाजूला थोडे फाकवतो, म्हणजे कोपऱ्यावर गोळी लागली तरी प्लेट गिरकी घेत नाही. एका पट्ट्यावर टांगलेली प्लेट गिरकी घेते, आणि गिरकी घेताना तिची कड समोर आली असता लागलेली गोळी कुठे जाईल हे सांगता येत नाही. म्हणून एका बिंदूवर टांगणे मला मान्य नाही, मग ते कितीही सोपे असो.

बोल्टच्या दर्जाविषयी येथे दोन तट आहेत. ग्रेड ८ चा बोल्ट ग्रेड ५ पेक्षा ताकदीने चौथा हिस्सा अधिक असतो, म्हणून पुष्कळ जण तोच घेतात. मी ग्रेड ५ घेतो. सैल टांगणीत ताकद अपुरी पडत नाही, आणि डोक्यावर थेट गोळी बसली तर ग्रेड ५ आधी चेपतो, वाकतो आणि दिसतो. त्यामुळे तो वेळेत बदलता येतो. ज्यांची बसवणी घट्ट आहे त्यांचे बोल्ट कोणत्याही ग्रेडचे मोडतील.

चौकटीबाबत माझे मत थोडे कडवे आहे. गोल लोखंडी पाइपचे उभे पाय मला लक्ष्याशेजारी नकोत, कारण चुकलेली गोळी गोल पृष्ठभागावर घासून कोणत्याही दिशेला वळू शकते, तर लाकडातून ती बहुधा आरपार जाऊन मागच्या मातीत रुतते. येथे लाकूडसामानाच्या कोणत्याही दुकानात मिळणारे टू बाय फोर (दोन बाय चार इंची म्हणून विकले जाणारे लाकडी वासे) आणि घोडीसाठीचे पत्र्याचे जोड घेऊन इंग्रजी ए अक्षरासारखी घोडी करावी. तिचे पाय पुढेमागे फाकलेले असल्याने प्लेटच्या बाजूने जाणारा मारा बव्हंशी दोन पायांच्या मधल्या मोकळ्या जागेतून निघून जातो. पायांपासून प्लेटची कड निदान अर्धा मीटर दूर असू द्यावी. लाकूड झिजणारच, ते झिजावे म्हणूनच लावायचे आहे. आपली पाइपची चौकट काढणे शक्य नसेल, तर उभ्या पायांपुढे लोखंडी अँगलचे तुकडे अँगलची शीर नेमबाजाकडे येईल असे लावावेत आणि ते जाड लाकडी फळीने झाकावेत. फळी दिसण्यापुरती नाही, तर गोळीचे तुकडे धरून ठेवण्यासाठी आहे. एकाहून अधिक प्लेटी टांगणार असाल तर त्या एका रेषेत जवळजवळ लावू नयेत, कारण एकीचे शिंतोडे शेजारणीचे पट्टे खातात; एक मीटर अंतर किंवा पुढेमागे मांडणी पुरते.

कलामुळे मारा जमिनीकडे जातो, तेव्हा प्लेटखालची जमीन मोकळ्या मऊ मातीची असावी. खडी असेल तर तुकडे पुन्हा उसळतात, आणि वाळके गवत असेल तर आगीचा धोका खरा आहे. अमेरिकेच्या वनसेवेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पोलादावर आदळून फुटलेल्या रायफलच्या गोळ्यांच्या तुकड्यांनी वाळवलेले पीट मॉस, म्हणजे शेवाळापासून झालेला भुसा, पेटल्याचे दिसले, आणि त्यात पोलादी गाभ्याच्या व अखंड तांब्याच्या गोळ्या आघाडीवर होत्या. टेक्सासच्या उन्हाळ्यात मी प्लेटखालची जागा कुदळीने साफ करून घेतो आणि पाण्याचा पंप हाताशी ठेवतो.

आता प्लेटच्या प्रकृतीविषयी, कारण टांगणीचे आयुष्य तिच्याशी बांधलेले आहे. वरचे सगळे विवेचन पृष्ठभाग सपाट आणि कठीण आहे या गृहीतकावर उभे आहे. खड्डा पडला की त्याच्या कडा शिंतोड्यांची दिशा बदलतात, आणि काही तुकडे सरळ मागे, नेमबाजाकडे येऊ शकतात. खड्डे पाडण्यात गोळीच्या वजनापेक्षा वेगाचा वाटा मोठा असतो: सेकंदाला ३,००० फूट, म्हणजे सुमारे ९१५ मीटरच्या वर वेग असेल तर एआर ५०० वरही चरे पडू लागतात, आणि म्हणूनच जवळून मारलेली ५.५६ मिलिमीटर रायफलची हलकी गोळी ही संथ आणि जड .३०८ पेक्षा अधिक नुकसान करते. रायफलसाठी १०० यार्ड आणि पिस्तुलासाठी १० यार्ड, हे अंतर मी कमी होऊ देत नाही. पोलादी टोकाच्या, हिरव्या रंगाच्या अग्राच्या गोळ्या आणि चुंबकाला चिकटणाऱ्या गोळ्या आमच्या प्लेटींवर चालत नाहीत. प्रवेशद्वाराशी चुंबक टांगलेलाच असतो. डोळ्यांवर झेड ८७.१ या अमेरिकी सुरक्षा मानकाचा चष्मा सर्वांना लागतो, बाजूला खुर्ची टाकून बसलेल्या पाहुण्यांनाही. पुण्याच्या बालेवाडीत कागदी किंवा इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर सराव केलेल्या आपल्या मंडळींना ही शेवटची अट सुरुवातीला जाचक वाटते, कारण तेथे समोरून काही परत येण्याचा प्रश्न नसतो.

देखभाल फारशी नाही. सत्र सुरू होण्यापूर्वी, सर्व शस्त्रे रिकामी असल्याची खात्री करून, प्रत्येक नट हाताने फिरवून पाहावा, पट्ट्याचा बोल्टजवळचा भाग वाकवून थर सुटले आहेत का ते बघावे, आणि प्लेट नेहमीइतकीच झुकलेली आहे ना, हे बाजूने पाहावे. कल कमी दिसला तर स्प्रिंग दबून आखूड झाली आहे किंवा पट्टा ताणला गेला आहे. प्लेट थोडी वाकली असेल तर ती उलटवून दुसऱ्या बाजूने वापरावी. मी दोन पट्टे, चार बोल्ट आणि एक स्प्रिंग नेहमी डब्यात ठेवतो, म्हणजे मधेच सराव थांबत नाही.

राहिला प्रश्न आपल्या सध्याच्या प्लेटचा. तिच्यावर खड्डे नसतील तर ती वाया गेलेली नाही. उरलेली कडी ग्राइंडरने, मधूनमधून पाणी मारत, प्लेट हाताला चटका देणार नाही इतक्या सावकाश काढून टाका. मग प्लेट उलटी करा, म्हणजे वेल्डने मऊ झालेली कड खाली जाईल, आणि जी कड आता वर येईल तिच्या कोपऱ्यांत चौकोनी भोके वॉटरजेटने पाडून घ्या. ड्रिलने ती होणार नाहीत, आणि साधा हायस्पीडचा ड्रिल या पोलादावर टिकणारही नाही. वॉटरजेटवाला दोन भोकांसाठी किती घेतो ते आधी विचारा, कारण भोके असलेली नवी प्लेट बहुधा त्याहून फार महाग पडत नाही. तसे असेल तर नवी प्लेट रायफलसाठी घ्यावी आणि जुनी .२२ साठी राखून ठेवावी; मऊ झालेल्या कडेला रायफलची गोळी लागून तेथे खड्डा पडला, तर ती प्लेट मात्र भंगारातच द्यावी लागेल.